नाचता येईना यंत्राला...

यंत्र चुकलं तर रागवायचं कुणावर? प्रश्न गमतीचा वाटतो, पण आहे पोटापाण्याचा.

पूर्वीचा कारखान्यातला रोबो जाळीच्या पिंजऱ्यात काम करायचा. त्याच्या जवळ कुणी फिरकायचं नाही! आता 'कोबॉट' आलेत, म्हणजे सहकारी रोबो. पिंजरा नाही. माणसाच्या शेजारी उभं राहून बोल्ट आवळायचे, धक्का लागला की थांबायचं. बजाज ऑटोने २०१० पासून ते आपल्या कारखान्यांत आणले. आमच्या जालन्याकडची पोरं चाकणच्या पट्ट्यात कामाला जातात, म्हणून हा विषय मला लांबचा वाटत नाही.

असा सहकारी चुकला की माणसं काय करतात? याची दोन टोकं आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की संगणकाचा अंदाज एकदा चुकलेला पाहिला की लोक त्याला सोडून माणसाच्या अंदाजाकडे वळतात, तो माणूस जास्त चुकणारा असला तरी! याच्या अगदी उलट २०१६ चा जॉर्जिया टेकचा प्रयोग. खोटी आग लावली, धूर सोडला, आणि वाट दाखवायला रोबो ठेवला. २६ च्या २६ जण त्याच्या मागे गेले. त्यातल्या निम्म्यांनी थोड्याच वेळापूर्वी त्याच रोबोला वाट चुकताना पाहिलं होतं.

म्हणजे एकतर लगेच विश्वास उडतो, नाहीतर आंधळा विश्वास बसतो. पण मला वाटतं, आपल्याकडे तिसराच प्रकार जास्त चालतो.

रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन आठवा. जन्मभर कापूस वेचून, खुरपं धरून ज्या म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिचा अंगठा ते ओळखत नाही. ती मशीनला नावं ठेवत नाही. पदराला बोट पुसते, पुन्हा दाबते, आणि म्हणते, "माझंच बोट मेलं झिजलंय, बाबा." रांगेतले लोकही तिच्यावरच वैतागतात. मशीन मात्र निर्दोष!

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण इथे अजबच लागू होते. नाचता येत नाही यंत्राला, आणि वाकडा ठरतो शेजारचा माणूस.

उद्या हेच कोबॉटच्या शेजारच्या पोराचं होईल, ही माझी खरी काळजी. बोल्ट तिरका बसला, तर जाब कोण देणार? यंत्राला पगार नाही, त्यामुळे कापायलाही काही नाही. कंत्राटी पोराचा पगार आहे, म्हणून तो कापला जाईल. मग तो चूक झाकायला शिकेल. लाल बटण दाबायला घाबरेल, कारण लाईन थांबली की आधी त्याचं नाव निघणार.

माझा यंत्राला विरोध नाही. पाठ मोडणारी कामं त्याने जरूर करावीत. पण चुकांच्या वहीत यंत्राच्या नावाचाही रकाना हवा. आणि लाईन थांबवणाऱ्याला 'का थांबवलीस?' असं दरडावण्याऐवजी 'काय दिसलं तुला?' असं विचारायला हवं. सहकारी म्हणवता ना त्याला? मग चुकीतही त्याचा वाटा धरा की!

तुम्हाला काय वाटतं?