तटबंदी आणि सौदा

अमेरिकन फुटबॉल हा आमच्या गोमंतकीय वाचकाच्या नित्य परिचयाचा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लांबट असतो, तो हातांनी फेकला जातो, आणि चढाई करणारे अकरा गडी वेगळे व बचाव करणारे अकरा वेगळे असतात. असे असूनही 2025 साली त्या खेळात जो एक मोठा सौदा झाला आणि त्यावरून डॅलसच्या क्रीडारसिकांत जो वाद पेटला, त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. वाद मैदानावरचा खरा. पण त्याच्या मुळाशी मालकी, श्रम आणि उत्तरदायित्व यांचे प्रश्न आहेत, आणि ते कोणत्याही देशाला परके नाहीत.

घटना थोडक्यात अशी. डॅलस काऊबॉईज या संघाचा मायका पार्सन्स हा बचावफळीच्या टोकावरून प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा अव्वल खेळाडू. 2021 पासूनच्या चार हंगामांत त्याने साडेबावन्न वेळा क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच लोळविले. नव्या करारावरून त्याचे व मालक जेरी जोन्स यांचे बिनसले. खेळाडूशी आपले समक्ष बोलणे होऊन सारे ठरले होते, असे जोन्स म्हणत राहिले. प्रतिनिधीला वगळून करार होत नसतो, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. पार्सन्सने 1 ऑगस्ट रोजी जाहीरपणे सुटका मागितली. 28 ऑगस्ट रोजी, हंगामाला आठवडाच उरला असताना, त्याला ग्रीन बे पॅकर्सच्या स्वाधीन करण्यात आले. मोबदल्यात डॅलसला मधल्या फळीतील केनी क्लार्क आणि 2026 व 2027 सालच्या नवोदितांच्या निवडीतील पहिल्या फेरीचा एकेक हक्क मिळाला. ग्रीन बेने पार्सन्सशी चार वर्षांसाठी 18 कोटी 80 लाख डॉलरांचा करार केला.

रसिकांत तत्काळ दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे, की तटबंदी एका बुरुजावर उभी राहत नाही. मधली फळी पोकळ असेल तर प्रतिपक्ष चेंडू घेऊन सरळ मधूनच धावत सुटतो, आणि टोकावरचा वीर पाहत राहतो. जानेवारी 2024 मध्ये पार्सन्स संघात असतानाच याच ग्रीन बेने डॅलसच्या घरच्या मैदानावर 48 गुण लुटले होते, हा त्यांचा दाखला. शिवाय प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा असते. 2025 साली ती 27 कोटी 92 लाख डॉलर होती. पार्सन्सचे सरासरी वार्षिक वेतन तिच्याशी ताडून पाहिले तर सहाव्या हिश्श्याच्या घरात जाते. दुसरा तट विचारत होता, की असा गडी पिढीतून एखादाच लाभतो. त्याला घालवून जे हक्क मिळाले, त्यांतून तसाच दुसरा निपजेल याची हमी कोण देणार?

पहिल्या तटाचे तत्त्व आम्हांस मान्य आहे. फेब्रुवारी 2025 च्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला 40-22 असे नमविले, ते मुख्यतः चार जणांच्या पुढच्या फळीच्या एकवटलेल्या बळावर. परंतु तत्त्व खरे असणे वेगळे आणि ते वेळेवर आठवणे वेगळे. मधली फळी दुबळी आहे हे डॅलसच्या चालकांना काही ऑगस्टअखेर कळले नव्हते. करार फिसकटल्यानंतर जे कारण पुढे केले जाते, ते धोरण नसते, ती सारवासारव असते.

पुढील घटनाक्रमाने हेच दाखविले. नोव्हेंबरच्या 4 तारखेला त्याच मधल्या फळीसाठी डॅलसने न्यूयॉर्क जेट्सकडून क्विनेन विल्यम्स आणला आणि त्याच्यापायी 2027 मधील पहिल्या फेरीचा एक हक्क, 2026 मधील दुसऱ्या फेरीचा हक्क व मॅझी स्मिथ हा खेळाडू देऊन टाकला. एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने असे गेले. विल्यम्सच्या येण्याने काही काळ बचाव सावरला, फिलाडेल्फिया व कॅन्सस सिटी यांच्यावर विजयही मिळाले. पण हंगामअखेर सर्व 32 संघांत प्रतिपक्षाला सर्वाधिक गुण देणारा संघ डॅलसचाच ठरला. जानेवारी 2026 मध्ये बचावाचे प्रशिक्षक मॅट एबरफ्लस यांना नारळ देण्यात आला. मालक मात्र संघाचे व्यवस्थापकही स्वतःच असल्यामुळे त्यांना नारळ देणारा कोणी नाही.

इकडे पार्सन्सच्या गुडघ्याचा अस्थिबंध डिसेंबरमध्ये डेन्व्हरच्या सामन्यात तुटला, आणि ग्रीन बेचीही पुढे घसरगुंडी झाली. त्यावरून काहींना जोन्स यांची दूरदृष्टी दिसू लागली. अपघाताला शहाणपणाचे नाव देणे आम्हांस रुचत नाही. उलट, ज्या शरीरावर हा सारा व्यवहार चालतो ते किती क्षणभंगुर असते, आणि म्हणून खेळाडूने उमेदीच्या काळातच आपल्या श्रमाचे पुरते मोल मागणे कसे रास्त असते, हेच त्या दुखापतीने सांगितले.

हा हक्क कोणी दान म्हणून दिलेला नाही. करार संपल्यावर आपला संघ आपण निवडण्याची मोकळीक तेथील फुटबॉलपटूंना न्यायालयात झगडून 1993 साली मिळाली. त्या लढ्यातील एका दाव्याला ज्याचे नाव होते, तो रेगी व्हाईट याच बचावफळीतला खेळाडू; त्याने त्या वर्षी स्वेच्छेने ग्रीन बे निवडले आणि जानेवारी 1997 मध्ये त्या संघाला अजिंक्यपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. आजही करार चालू असताना बहुतेक खेळाडूंची अदलाबदल त्यांच्या संमतीवाचून होऊ शकते. केनी क्लार्कला डॅलसला जायचे आहे काय, असे विचारण्याची गरज कोणाला नव्हती.

आणि रसिकाला तरी कोण विचारतो? ग्रीन बे हे लाखभर वस्तीचे गाव. तेथील संघ 1923 पासून लोकांच्या भागभांडवलावर उभा आहे. पाच लाखांहून अधिक भागधारकांना नफ्यातली कवडीही मिळत नाही आणि सौदेही ते ठरवीत नाहीत. पण संचालक निवडण्याचा आणि वार्षिक सभेत हिशेब ऐकण्याचा अधिकार त्यांना आहे. डॅलसचा रसिक तिकिटाचे पैसे मोजतो, टाहो फोडतो, आणि घरी जातो. आमच्याकडे 2016 साली धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब हे तीन संघ आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा संघचालकांचा राष्ट्रीय महासंघावरील रोष समजण्यासारखा होता. परंतु फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे बसणाऱ्या प्रेक्षकाला त्या निर्णयात कोणतेच स्थान नव्हते.

म्हणून डॅलसच्या रसिकांचा वाद हा रिकामटेकड्यांचा कलकलाट आहे, असे आम्ही मानीत नाही. ज्यांच्या हाती मताधिकार नाही, त्यांनी निदान कारणे मागावीत, आणि दिलेली कारणे घटनांच्या कसोटीवर घासून पाहावीत. बचाव का ढासळला याचा जाब प्रशिक्षकाच्या गच्छंतीने पुरा होत नाही. ज्याने बुरूज विकला आणि मग दुप्पट धावपळ करून भिंत बांधायला घेतली, त्याच्यापर्यंत तो पोहोचला पाहिजे.