डेलोसवर उतरणाऱ्यांना एक विनंती

ग्रीसला निघालेल्या मंडळींच्या यादीत मिकोनोस बेट हमखास असतं. तिथली पांढरी घरं, पवनचक्क्या, किनारे जरूर बघा. पण तिथून बोटीनं अर्ध्या तासावर डेलोस आहे. सहलीतला एक दिवस त्याच्यासाठी राखून ठेवा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

बेट पाचेक किलोमीटर लांब, रुंदी जेमतेम सव्वा किलोमीटर. पर्यटकांना तिथे रात्री मुक्काम करता येत नाही. अपोलो आणि आर्टेमिस ही जुळी दैवतं इथे जन्मली, अशी प्राचीन ग्रीकांची श्रद्धा होती. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सनं इथली थडगी उकरून अस्थी शेजारच्या रिनिया बेटावर हलवल्या आणि डेलोसवर यापुढे कोणी जन्मू नये, कोणी मरू नये, असा नियम घातला. दिवस भरलेल्या बायकांना आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्यांना पलीकडे नेलं जाई.

पुढे इ.स.पू. १६६च्या सुमारास रोमनं इथल्या बंदराची जकात माफ केली आणि तीर्थाची बाजारपेठ झाली. सीरिया, इजिप्त, इटलीचे व्यापारी आपापले देव घेऊन आले. माणसांचीही विक्री होई. दिवसाला दहा हजार गुलामांची आवकजावक पेलेल असं हे ठिकाण होतं, असं स्ट्रेबो या भूगोलकारानं लिहून ठेवलं आहे. संगमरवर बघताना ही माणसंही आठवा. इ.स.पू. ८८ मध्ये रोमचा शत्रू असलेल्या मिथ्रिडेटीस राजाच्या सैन्यानं आणि ६९ मध्ये चाच्यांनी शहर लुटलं. नंतर ते ओस पडत गेलं.

बोटीतून उतरल्यावर बहुतेक जण थेट दगडी सिंहांकडे जातात. नॅक्सोसच्या लोकांनी अर्पण केलेले हे सिंह सुंदरच आहेत, पण उघड्यावर आहेत त्या प्रतिकृती. मूळ सिंह संग्रहालयात आहेत. माझं ऐकाल तर आधी नाट्यगृहाकडच्या वस्तीत जा. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना घरं, आणि मोठ्या घरांत आपल्या वाड्यासारखा मधे चौक. एका घरात चित्त्यावर स्वार झालेला मद्यदेव डायोनिसस रंगीत तुकड्यांच्या फरशीत अजून दिसतो. तिथेच चौकाखाली डोकावून बघा. बेटावर गोड्या पाण्याची टंचाई, म्हणून छपरावरचा पाऊस चौकातून खालच्या टाक्यात उतरवला जाई. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर पडलेलं पाणीसुद्धा वाया जात नसे. ते शेजारच्या मोठ्या टाक्यात जमा होई. त्या टाक्यावरच्या दगडी कमानी आजही उभ्या आहेत. देवळं श्रीमंती दाखवतात. माणसं इथे जगली कशी, ते या टाक्यांवरून कळतं.

आता तयारीचं. सकाळच्या पहिल्या बोटीनं जा. सावली जवळपास नाही, म्हणून टोपी आणि भरपूर पाणी सोबत हवंच. चपला नकोत, घट्ट बूट घाला. बेटावरची किंथोस टेकडी ११२ मीटरच आहे, पण भर उन्हात ज्येष्ठांना चढवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा जोराचा वारा सुटला की बोटी रद्द होतात; म्हणून डेलोस सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

आणि हात आवरा. भिंतीवर चढू नका, फरशीवर पाय देऊ नका, खापराचा तुकडासुद्धा खिशात घालू नका. १८७०च्या दशकापासून फ्रेंच संशोधक इथे उत्खनन करत आहेत, आणि एखादा तुकडा कुठे सापडला यावरूनच त्यांना त्याचा अर्थ लागतो. जागेवरून हललेला तुकडा मुका होतो. मुलांना हे बोटीत बसण्याआधीच समजावून सांगा. आपल्या गडकोटांवर आणि लेण्यांत नावं कोरणाऱ्यांचा आपल्याला राग येतो ना? मग परक्याच्या वारशाशीही तितक्याच जबाबदारीनं वागा.