अभिमानाला प्रमाणाची जोड हवी

हळदीचे दूध प्या, कर्करोग पळून जाईल, असे सांगणाऱ्या वक्त्याला हमखास टाळ्या मिळतात. आयुर्वेद म्हणजे आजीबाईचा बटवा, असे हिणवणारा विद्वान पुरोगामी ठरतो. या दोघांत वरकरणी हाडवैर दिसते. पण एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे. तपासून पाहण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत. आणि या आळसाची किंमत मोजतो तो खेड्यातला रुग्ण.

वनस्पतिजन्य द्रव्यांचा विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही. आपल्या पेशीच्या बाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. पेशीच्या आवरणात कॅल्शियमसाठी प्रथिनांची दारे असतात. ती क्षणभर उघडली की आत इशारा पोहोचतो. स्नायू आकुंचन पावतो, पेशी विभागते. अनेक कर्करोगांत ही शिस्त बिघडते, काही दारांची संख्या वाढते आणि गाठीच्या वाढीला व फैलावाला हातभार लागतो. म्हणून ही दारे बंद करणाऱ्या द्रव्यांचा जगभर शोध चालू आहे. चीनमधील एका वेलीच्या मुळातील टेट्रांड्रिन हे असेच द्रव्य. ती वेल आपल्या गुळवेलीच्याच कुळातली!

पण प्रयोगशाळेतील काचपात्रात पेशी मरणे म्हणजे रुग्ण बरा होणे नव्हे. अफूतील पापाव्हेरिनच्या धर्तीवर जर्मनीत व्हेरापामिल हे हृदयविकाराचे औषध तयार झाले. ते कॅल्शियमचे दार अडवते. सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टिनला दाद न देणाऱ्या रक्तकर्करोगाच्या पेशी व्हेरापामिलच्या जोडीने पुन्हा दाद देतात, असे जपानच्या त्सुरुओ यांनी १९८१ साली दाखविले. आशा पल्लवित झाली. पुढे उलगडा झाला, की हा परिणाम कॅल्शियमचे दार अडल्याने होत नव्हता. औषध पेशीबाहेर फेकणारा पंप अडल्याने होत होता. शिवाय त्यासाठी लागणारी मात्रा रुग्णाच्या हृदयाला सोसेना. हळदीतील कर्क्युमिनचेही तसेच. काचपात्रात ते प्रभावी दिसते, पण पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. हळदीने कर्करोग बरा झाल्याचे एकाही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. हे मान्य केल्याने आपल्या परंपरेला कमीपणा येत नाही. खोट्या दाव्याने मात्र नक्की येतो.

आपले हक्क राखायलाही प्रमाणच कामी येते. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द करविले. ती लढाई घोषणांनी जिंकली नाही. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख पुढे ठेवल्यावर परकीयांना मान तुकवावी लागली.

चीनशी सोलापूरचे नाते जुने आहे. या नगरीचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली तेथे रुग्णसेवेला गेले आणि १९४२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्याच देशातील तू यूयू यांनी चौथ्या शतकातील एका वैद्यकग्रंथात हिवतापावरील वनस्पतीचा उल्लेख वाचला. ती पाण्यात भिजवून पिळण्याची कृती वाचून त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला, तो प्राण्यांवर व माणसांवर तपासला आणि २०१५ साली नोबेल मिळविले. आपल्याकडे ग्रंथ कमी आहेत काय? कमी आहे ती ग्रंथ उघडून प्रयोगशाळेत जाण्याची वृत्ती.

आणि सोलापूर जिल्ह्याला तर सबबच नाही. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली. गावोगाव फिरून रुग्ण नोंदविण्याचे हे काम कोणत्याही महानगराने नव्हे, आपल्या तालुक्याने देशाला शिकविले. बार्शीत कर्करोग रुग्णालय आहे, सोलापुरात आयुर्वेद महाविद्यालय आहे, २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. वैद्य, कर्करोगतज्ज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ एका मेजाशी बसून गुळवेलीसारख्या एकेका वनस्पतीची रीतसर तपासणी का करीत नाहीत? रुग्णाचे चालू उपचार न थांबविता, त्याची संमती घेऊन, निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध करून!

हा काही पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला आग्रह नव्हे. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशा चतुर्विध परीक्षा चरकसंहितेनेच सांगितल्या आहेत. आप्तवचनावर थांबून उरलेल्या तिघींकडे पाठ फिरविणारा चरकाचा वारस कसला?

म्हणून विनंती एवढीच. काढ्यासाठी शस्त्रक्रिया वा किरणोपचार सोडा, असे कोणी रुग्णाला सांगू लागला, तर तो आपल्या विचारांचा असला तरी त्याला प्रमाण मागा. आणि न तपासताच सारे थोतांड ठरविणाऱ्यालाही तितक्याच ठामपणे मागा. ज्ञानातील स्वदेशी ती हीच.