हवालदाराची खुर्ची



गोपाळबाबा वलंगकर महाडकडचे. पलटणीत उमर काढली, १८८६ ला हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले आणि दापोलीत राहिले. पेन्शन खात गप्प बसले असते तर कुणाचं काय बिघडत होतं? पण गडी जोतीबांच्या वाटेचा. १८८८ ला ‘विटाळ विध्वंसन’ काढून धर्ममार्तंडांवर सवालांचा मारा केला. महारांची लष्करभरती सरकारने बंद केली, तेव्हा १८९४ ला अर्ज लिहायला बसले तेही हेच.

१८९५ ला सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर घेतलं. निवडून नव्हे, नेमून. मत मागायला गेले असते तर कुणी ओटीवर चढू दिलं असतं? झालं! सवर्णांच्या अंगाचा तिळपापड. पेपरांतून काथ्याकूट. हातात बंदूक घेतलेला महार चालत होता, तो दुसऱ्यासाठी मरत होता. बोर्डाचा कागद हातात घेतलेला महार चालेना. कारण बोर्डाकडे रस्ते, शाळा, विहिरी. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल व्हायचा, त्यातून हे सगळं. विहीर कुठं खणायची, पाणी कोण भरणार, हे आता एक महार टेबलाशी बसून विचारणार. पोटात दुखलं ते इथं.

त्याच महाडात म्युनिसिपालिटीने १९२४ ला चवदार तळं खुलं केलं. कागदावर! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन पाण्याला गेले, तर आमची डोकी फुटली. ऑगस्टात त्याच म्युनिसिपालिटीने ठराव फिरवला.

आता आपल्याकडे या. पंचायतीत राखीव जागा आहेत. २०१४ ला पालघर जिल्हा झाला, झेडपी दारात आली. आणि मिळालं काय? तारापूरची अणुवीज १९६९ पासून तारांवरून लांब चाललीय. शेतीसाठी अडवलेलं सूर्याचं पाणी पाइपातून वसई-विरारला गेलं. कारखान्यांची घाण तेवढी आपल्या खाडीला.

आपला राखीव जागेवरचा सदस्य काय करतो? सभा झाल्यावर शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो, “भाऊ, सही मारा.” भाऊ मारतो. ठराव कसला, ते मागाहून कळतं, नाहीतर कळतच नाही. गोपाळबाबा खुर्चीवर बसले तर बोंब उठली. आज आपला माणूस बसला तर कुणी हूं की चूं करत नाही, उलट हार घालतात. साल्यांना पक्कं ठाऊक आहे, हा कागद वाचणार नाही.

पण शिव्या एकट्या भाऊला कशाला? जयंतीच्या वर्गणीला आपण त्याच्या दारात दहा वेळा जातो. ठराव विचारायला कोण गेलं? आम्हीही नाही गेलो, हे कबूल.

पुढच्या ग्रामसभेला वस्तीतली पोरं घेऊन जायचं ठरवलंय. मागच्या सभेचं प्रोसिडिंग आधी मोठ्यानं वाचायला लावणार. सही मग. ज्याला यायचं त्यानं यावं.