मांडवीचा दुसरा काठ

पणजीस येणाऱ्या प्रवाशाला मांडवी दिसते ती बहुधा रात्री, तरंगत्या कॅसिनोंच्या झगमगाटात. वस्तुतः रायबंदरहून फेरीबोटीत बसले, की काही मिनिटांतच चोडण बेट येते आणि धक्क्यापासून जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. १९८८ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे १७८ हेक्टर! परंतु भरतीच्या वेळी खारफुटीतील अरुंद पाणवाटेने होडी आत शिरली, म्हणजे खंड्या अगदी जवळून न्याहाळता येतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर निवटे उड्या मारतात. नशीब असेल तर पाणमांजरेही दृष्टीस पडतात. साहस म्हणजे इंजिनाचा गोंगाट, अशी समजूत करून घेतलेल्यांना हे सुख कसे उमगावे? कॅसिनोंपासून महसूल मिळतो, हे खरे. तथापि मासळीची पिल्ले वाढतात ती खारफुटीच्या मुळांच्या आश्रयाने, आणि वेगवान बोटींच्या लाटांनी चिखलाचे काठ ढासळतात. या पाणवाटांत केवळ वल्ह्याच्या होड्यांना मुभा असावी, आणि ती वल्ही चोडणच्याच नावाड्यांच्या हाती असावीत. भरती केव्हा चढते, हे त्यांना घड्याळाकडे न पाहताही सांगता येते.