सांगणाऱ्याचं नाव संदर्भात हवं

मार्च उजाडला की दादर-परळच्या झेरॉक्सच्या दुकानांत पदवीच्या प्रकल्पाचं ‘ब्लॅक बुक’ बांधून घ्यायला मुलांची झुंबड उडते. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं आणि शेवटच्या पानावर संदर्भसूची. मी परळच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि हे प्रकल्प तपासताना आधी शेवटचं पान उघडते. तिथे बहुतेकदा चार संकेतस्थळं, ‘विविध वृत्तपत्रे’ आणि ‘इंटरनेट’ एवढंच असतं. याचा दोष मी मुलांना देत नाही. संदर्भ कशासाठी द्यायचा, हे आपण त्यांना नीट सांगितलेलंच नाही.

सांगितली ती टक्केवारी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे शोधप्रबंधाचं दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ६० पर्यंत वर्षभराची बंदी येते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. नियम हवाच. पण पदवीच्या वर्गापर्यंत त्यातून एकच गोष्ट झिरपली: शब्द फिरवले की सुटलो. शब्द बदलून दुसऱ्याचा विचार आपल्या नावावर खपवला तरी ती चोरीच असते. उलट, मूळ लेखकाचा उल्लेख करून अवतरणचिन्हांत दिलेला उतारा त्या टक्केवारीत धरत नाहीत. ही दोन वाक्यं पहिल्याच वर्षी सांगायला हवीत.

आमच्याकडे मुंबईच्या कापड गिरण्यांवर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितंच. कावसजी दावरांच्या ताडदेवच्या पहिल्या गिरणीचं साल एकजण १८५४ देतो, दुसरी १८५६. कंपनी उभी राहिली १८५४ मध्ये आणि गिरणी चालू झाली १८५६ मध्ये, त्यामुळे दोघांचंही चुकलेलं नसतं. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मिलहँड्स असोसिएशनची स्थापना काही पुस्तकांत १८८४ ची आहे, काहींत १८९० ची. विद्यार्थ्याने पुस्तक आणि पान दिलं असेल, तर तो कोणाच्या मागे गेला हे मला कळतं आणि आमचं बोलणं पुढे सरकतं. नुसतं साल दिलं, तर वाद घालायलाही जागा उरत नाही.

पानाचंही तसंच. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चं. मुलं वाचतात ते पुनर्मुद्रण. संदर्भात साल घालतात १८६३ आणि पृष्ठांक पुनर्मुद्रणातला. तो आकडा घेऊन मूळ आवृत्ती उघडणाऱ्याला तिथे भलताच मजकूर सापडतो. हातात जी प्रत होती तिचंच साल, प्रकाशक आणि पान लिहावं, मूळ साल सोबत द्यावं. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांचं वाक्य दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात वाचलं असेल, तर त्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव सांगावं. न वाचलेलं पुस्तक सूचीत घालणं म्हणजे वाचकाशी खोटं बोलणं. हल्ली तर यंत्राला विचारून मिळालेल्या सूचीत कधीच न छापलेली पुस्तकंही दिसतात, लेखक आणि पृष्ठांकासकट.

मला सर्वांत जास्त लागतं ते मात्र वेगळंच. लालबागच्या चाळीत राहणारी मुलगी आजोबांना १९८२ च्या गिरणी संपाबद्दल विचारते. ते साचाखात्यातली, म्हणजे विणकाम विभागातली पाळी, बंद झालेला पगार, गावाकडे धाडलेलं बिऱ्हाड सगळं सांगतात. प्रकल्पात ते उतरतं ‘एका वृद्ध कामगाराच्या मते’ असं. त्याच पानावर इंग्रजी पुस्तकाच्या लेखकाचं नाव मात्र ठळक असतं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ च्या त्यांच्या ग्रंथात गिरणगावातल्या सुमारे शंभर माणसांना बोलतं केलं आणि त्यांचं बोलणं त्यांच्या नावानिशी छापलं. तोच मान आजोबांना मिळायला हवा. त्यांची परवानगी घ्यावी, मग नाव, गिरणी, खातं, मुलाखतीची तारीख आणि जागा लिहावी. नाव नको म्हणाले तर तसं नोंदवावं. तारीख आणि जागा तरीही द्यावी. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. त्या खात्यांत काय चालायचं हे सांगणारी माणसं थोडीच उरली आहेत, आणि त्यांची साक्ष निनावी ठेवली तर उद्या ती कोणी पुरावा म्हणून मानणार नाही.

संदर्भ द्यायला शिकवण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे. अ. का. प्रियोळकरांनी ज्या मराठी संशोधन मंडळाची धुरा वाहिली, ते याच संस्थेचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे एक दिवस न्यावं, शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची हाताळायला द्यावी, एका पुस्तकाची नोंद स्वतः करून घ्यावी. प्रकल्पाच्या शंभर गुणांतले वीस संदर्भांसाठी राखावेत. तोंडी परीक्षेत परीक्षकाने सूचीतली कुठलीही एक नोंद निवडावी आणि ‘हे पान दाखव’ एवढंच म्हणावं. हा प्रश्न येणार हे माहीत असलेला विद्यार्थी पुस्तक उघडल्याशिवाय त्याचं नाव लिहिणार नाही.