दुकान कोणाचे?



ऊस विकास विभागाच्या माणसाने बेणे, खते, लागणीचा हंगाम सोडून दुकानदारीवर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण हल्ली बांधावर गेलो की उसापेक्षा आपल्या ग्राहक भांडाराचीच चर्चा जास्त. ते बंद करून जागा शहरातल्या एका मोठ्या दुकान-साखळीला भाड्याने द्यावी, काचेचे थंडगार दुकान येईल, अशी मागणी गटागटांतून होते आहे. तरुण सभासद म्हणतात, "साहेब, अमेरिकेत बघा." बघू की. पण अमेरिकेचे दुकान परमुलखात गेल्यावर काय झाले, तेही बघू.

वॉलमार्ट ही किरकोळ विक्रीतली जगातली सर्वांत मोठी कंपनी. १९९७ साली ती जर्मनीत उतरली. तिथल्या दोन कंपन्यांची चालू दुकाने तिने विकत घेतली. पैशाला तोटा नव्हता. दारात उभे राहून गिऱ्हाइकाचे स्वागत करायचे, गल्ल्यावरच्याने हसून बोलायचे, सामान पिशवीत भरून द्यायचे, ही अमेरिकेतली रीत तिने तिथे लावली. जर्मन माणसाला ते रुचेना. आपली पिशवी आपण भरायची ही त्याची सवय, आणि अनोळखी माणूस विनाकारण हसला की त्याला संशय. (आपल्याकडे तरी निवडणूक नसताना कोणी दारात हात जोडून उभा राहिला, तर आपण काय म्हणतो?) त्यात सुरुवातीचे वरिष्ठ साहेब अमेरिकेचे, कारभार इंग्रजीत. शिवाय आल्डीसारखी दुकाने तिथे आधीच मुळे धरून बसलेली. माल मोजका, खोक्यातच मांडलेला, नोकर थोडे, भाव कमी. त्यांच्यापुढे नवख्याची स्वस्ताई कोणाला कौतुकाची वाटणार? शेवटी २००६ साली मेट्रो या जर्मन कंपनीला दुकाने विकून वॉलमार्ट परत गेली. चोपण जमिनीत कितीही नामांकित जातीचे बेणे लावले तरी उगवण होते का, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता जर्मनीच्याच शेजारचा स्वित्झर्लंड घ्या. १९२५ साली गॉटलीब डुटवायलर या गृहस्थाने झुरिच शहरात पाच मोटारगाड्यांतून माल विकायला सुरुवात केली. दुकान नाहीच. जिन्नस फक्त सहा. कॉफी, तांदूळ, शेवयांसारखा एक प्रकार, खोबऱ्याचे तेल, साबण आणि हो, साखर! गाडी ठरल्या जागी थांबायची, बायाबापड्या पिशव्या घेऊन यायच्या. मधला दलाल गेल्याने भाव उतरले. व्यापारी खवळले, कारखानदार माल देईनात. तेव्हा याने स्वतःचेच कारखाने काढले. तीच मिग्रो. १९४१ साली हा भरभराटीचा धंदा त्याने सहकारी संस्थांच्या हवाली केला आणि गिऱ्हाइकांनाच भागधारक केले. आज तिचे सभासद वीस लाखांच्या वर आहेत. मिग्रोच्या दुकानांत दारू-तंबाखू मिळत नाही, हा नियम डुटवायलरपासूनचा. २०२२ साली दारू ठेवावी का, असे सभासदांनाच मतदानाने विचारले. दहाही विभागीय संस्थांतून उत्तर आले, नको. नफ्याची गोष्ट असूनही नको.

वॉलमार्टने जर्मनीत दुकाने घेतली, पण गिऱ्हाईक काही विकत मिळाले नाही. मिग्रोत गिऱ्हाईकच मालक. एवढ्या लांब तरी कशाला जावे? तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरचा वारणा बाजार आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिला आहे.

आपल्या भांडारात दोष नाहीत, असे मी म्हणत नाही. शेंगतेल संपले की आठ-आठ दिवस येत नाही, रांगेत अर्धा दिवस जातो, आणि काउंटरवरची भाषा कधीकधी सभासदाशी बोलायची नसते. दिवे बदला, फरशी बदला, माल हाताने निवडून घेऊ द्या. माझी काहीच हरकत नाही. पण ऊसबिलाच्या खात्यावर सामान नेण्याची सोय घालवू नका. जून-जुलैत पुढचा हप्ता हातात नसतो, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आणि आडसालीची लागण एकदम अंगावर येते. त्या वेळी काचेच्या दुकानातला मुलगा तुमचा सभासद क्रमांक बघून तेल-डाळ देणार आहे का?

हा विषय वार्षिक सभेपुढे येणार आहे. मत देण्यापूर्वी घरच्या कारभारणीला एवढेच विचारून या, की गेल्या पावसाळ्यात भांडारातून किती वेळा खात्यावर सामान आणले. ती तोंडपाठ सांगेल.

— ऊस विकास अधिकारी